सासूबाईंचे पूर्वज ‘कट’वर होते! कालव्यातल्या बोटींवर राहणाऱ्यांची वंशावळ शोधायची कशी?

मेघना_नॉर्दम्प्टन
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचनमात्र असते. आज मदत मागायला आले आहे.

लेक अकरा वर्षांची. शाळेतून घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगितलाय. माझ्या बाजूचं काम एका फोनमध्ये झालं. बाबांनी कपाटातून कुलवृत्तांत काढला, पानांचे फोटो पाठवले आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपडीत पणजोबांची सही आहे हेही ऐकवलं. आठ पिढ्या. बायका फक्त ‘सौ.’पुरत्या, पण निदान आहेत तरी.

नवऱ्याची बाजू मात्र दुसऱ्याच पिढीत अडकली. नवरा इंग्लिश. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, रग्बीजवळ एकट्या राहतात. त्यांना आईबद्दल विचारलं की एकच उत्तर: “आईकडचे सगळे कटवर होते.” लग्नानंतर पहिली काही वर्षं मला वाटायचं, कुणाचं काही ऑपरेशन वगैरे झालं असावं. मग नवऱ्याने सांगितलं, ‘कट’ म्हणजे खणून काढलेला कालवा. त्यावर माल वाहणाऱ्या अरुंद बोटींवर अख्खी कुटुंबं राहायची, सासूबाईंची आई तशाच बोटीवर १९१९ साली जन्मली. लढाईच्या दिवसांत किनाऱ्यावरच्या माणसाशी लग्न केलं आणि कौन्सिलच्या घरात आली. तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली.

हाताशी आहे ते एवढंच:
एक रंगवलेला पत्र्याचा पाण्याचा डबा, वर गुलाब आणि किल्ला. सध्या शेडमध्ये, त्यात माती भरून पुदिना लावलाय.
एक फोटो. बोटीच्या मागच्या टोकाला दाराशी एक मिशीवाला माणूस. त्याच्या मागे केबिनच्या भिंतीवर अक्षरं आहेत.
आणि एक चूक माझीच. मी बोलता बोलता ‘बार्जी’ (म्हणजे बार्जवाला) हा शब्द वापरला. सासूबाईंनी कप खाली ठेवला, “आम्ही बार्जी नव्हतो” म्हणाल्या आणि तो विषय त्या दिवसापुरता संपला.

ज्यांना घर नाही, गाव नाही, अशा माणसांना कागदावर शोधायचं कुठे? कुणी केलंय का असं काही?

कपबशी
म्हणजे तुमचे सासरकडचे कटात सामील होते तर. सरळ पोलिसांच्या दप्तरात शोधा की.

मिसळसम्राट
कोल्हापुरात ‘कटवर’ म्हटलं की आम्ही पाव घेऊन बसतो.

जुना_खलाशी
ताई, खलाशांच्या नोंदी इंग्लंडात उत्तम ठेवलेल्या आहेत. प्रत्येक माणसाचं डिस्चार्ज बुक, जहाजाचे क्रू करार, सगळं मिळतं. मी स्वतः तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली आहेत. तिथून सुरुवात करा.

दप्तरवाला
खलाशीकाका, आदर ठेवून सांगतो, तिथे काही मिळणार नाही. ती समुद्रावरची माणसं. कालव्यावरच्यांना ना डिस्चार्ज बुक, ना करार.

मेघनाताई, मी मँचेस्टरला असतो आणि निवृत्तीनंतर हाच उद्योग करतो (बायकोच्या भाषेत ‘दुसऱ्यांची भुतं उकरणं’). आधी एक सवय मोडा. आपण माणूस शोधताना गाव धरतो. इथे बोट हेच गाव. बोटीचं नाव मिळालं की निम्मं काम झालं.

जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी इथे १ जुलै १८३७ पासून आहे. मूल जिथे जन्मलं त्या जिल्ह्यात नोंद. बोट तर चालतीच. त्यामुळे एकाच आईबापाची पाच मुलं पाच जिल्ह्यांत सापडतात आणि नवशिका त्यांना पाच कुटुंबं समजतो. जीआरओच्या (जन्ममृत्यू नोंदणीचं मुख्य सरकारी कार्यालय) ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, त्यावरून भावंडं जुळवायची. पण सूचीवर थांबू नका, दाखला मागवा. जन्मस्थळाच्या रकान्यात पुष्कळदा ‘अमुक बोटीवर, अमुक ठिकाणी’ असं सरळ लिहिलेलं असतं. तीच तुमची किल्ली.

मग जनगणना. ती एका रात्रीची असते, त्या रात्री बोट जिथे बांधलेली असेल तिथे ते कुटुंब. १८४१ मध्ये बोटीवरच्यांची नुसती डोकी मोजली. १८६१ पासून बोटींसाठी वेगळे तक्ते दिसतात, आणि ते बरेचदा त्या भागाच्या वहीत अगदी शेवटच्या पानांवर असतात. नावाने सापडलं नाही तर कालव्याकाठच्या गावांची शेवटची पानं एकेक करून चाळायची. कंटाळवाणं काम आहे, पण मला तिथेच सर्वांत जास्त सापडलंय. १९२१ ची जनगणना २०२२ पासून खुली आहे. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची लढाईमुळे झालीच नाही. मध्ये दुवा एकच, २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर. ते पुढे आरोग्यसेवेसाठी वापरात राहिलं, त्यामुळे बायकांची लग्नानंतरची आडनावं त्यात वरून लिहिलेली सापडतात. तुमच्या आजेसासूबाई तेव्हा वीस वर्षांच्या, कुमारी. तिथे माहेरचं नाव खोडून सासरचं लिहिलेलं दिसलं तर समजा, सापडल्या.

धंद्याच्या रकान्यात ‘बोटमन’ बघा. ‘वॉटरमन’, ‘लायटरमन’ हे जास्त करून टेम्सकडचे, मर्सीकडे ‘फ्लॅटमन’, ईशान्येला ‘कीलमन’. पण कारकून मंडळी मनाला येईल ते लिहायची, हे धरून चाला. आडनावाचं स्पेलिंगही कानाला ऐकू आलं तसं. सांगणाऱ्याला वाचता येत नव्हतं, मग चूक दाखवणार कोण?

चर्चचं उद्या लिहितो.

शंकासुर
बोटीवर राहायचे म्हणजे जिप्सीच ना? सासूबाई उगाच लपवत नसतील. शिवाय मराठी संस्थळावर साहेबाच्या वंशावळीचं काय प्रयोजन, हेही समजलं नाही. आपल्याकडच्या दप्तरांना वाळवी लागली तरी चालेल!

मेघना_नॉर्दम्प्टन
@शंकासुर, साहेबाची नाही हो, माझ्या लेकीची. तिचं अर्धं रक्त त्र्यंबकच्या चोपडीत आहे, अर्धं पुदिन्याच्या डब्यात.

@दप्तरवाला, _/\_ दाखला आजच मागवते.

दप्तरवाला
@शंकासुर, हा समज जुना आहे, इथल्या लोकांचाही. खरी गोष्ट पैशाची आहे. ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला, वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला येऊ लागला आणि तिथे कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग देशभर कालव्यांचं पेव फुटलं. तेव्हा बोटी चालवणारे बहुतेक आसपासच्या गावांतले पुरुष आणि पोरगे होते. बायको मुलं घरी. १८३०-४० नंतर रेल्वे आली, भाडं पडलं. कॅप्टनला पैसे फेरीमागे मिळायचे, हाताखालच्या माणसाचा पगार त्यातूनच. मग माणूस काढला, बायकोला सुकाणूवर उभं केलं, पोरांना काठावरून बोट ओढणाऱ्या घोड्यामागे लावलं. किनाऱ्यावरच्या घराचं भाडंही वाचलं. असं करत घर बोटीवर आलं.

याचा वंशावळीवर परिणाम असा की कंपनीच्या हिशेबात नाव फक्त कॅप्टनचं. त्याच्या शेजारी दिवसाचे चौदा तास उभी असलेली बाई कुठल्याच पगारपत्रकात नाही.

आजीचा_बटवा
हे वाक्य आमच्या शेतीलाही लागू पडतं हो.

खाडीपार
दप्तरवाला यांच्या या प्रतिसादाला +१.

आमचं घराणं दाभोळ खाडीतलं. पणजोबा तांडेल. मचव्यावर मंगळुरी कौलं, मीठ, नारळ. आमच्याकडे त्यांचा कागद म्हणाल तर एक पावती, तीही अर्धी उंदराने खाल्लेली. जनगणनेचं म्हणाल तर आपल्याकडे मोजणी फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन हंगामात, बाप्ये सगळे पाण्यावर. आणि घराघरांतले ते फॉर्म आपल्याला बघायला मिळतच नाहीत, नुसते आकडे छापतात. त्या मानाने ताई सुखी आहेत.

पण एक फरक आहे. आमची माणसं आषाढात घरी यायची. मचवा ओढून वर घ्यायचा, शाकारायचा, नारळी पौर्णिमेला परत पाण्यात. दीड-दोन महिने का होईना, गाव होतं. यांना तेही नाही?

दप्तरवाला
@खाडीपार, यांना सुट्टी बर्फाची. कालवा गोठला की बोट अडकली आणि फेरी नाही म्हणजे पैसे नाहीत. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, आणि उरलासुरला धंदा त्याने मोडला.

आता चर्च. कालवे जिथे एकमेकांना मिळतात किंवा माल उतरतो, तिथली चर्चं बघा. ब्रॉन्स्टन, स्टोक ब्रुअर्न, ब्रेंटफर्ड. मेघनाताई, ब्रॉन्स्टन तर सासूबाईंच्या घरापासून फार लांब नाही. ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन तिथे मिळतात, टेकडीवरच्या चर्चचा मनोरा बोटीतून दिसतो. बोटवाल्यांची लग्नं, बारशी, दफनं तिथे व्हायची. वेळ मिळेल तेव्हा बाप्तिस्मा, त्यामुळे तीन-चार भावंडांचा एकाच दिवशी सापडतो. वय बघा, तारखेवर जाऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं, १८७७ चा कालवा-बोट कायदा. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने रान उठवलं, म्हणून तो झाला, १८८४ मध्ये तपासनीस आले. राहती बोट नोंदवायची, नोंदवहीत बोटीचं नाव, मालक, कॅप्टन आणि किती माणसांना राहायची परवानगी. नोंदणीचं गाव आणि क्रमांक बोटीच्या अंगावर रंगवायचा. तुमच्या फोटोत मिशीवाल्याच्या मागे जी अक्षरं आहेत ती हीच असणार. भिंग लावा!

परवानगीचं गणित असं. मागची केबिन किमान १८० घनफूट. बारा वर्षांवरच्या माणसाला ६० घनफूट, खालच्या मुलाला ४०.

कपबशी
नवराबायको १२०. उरले ६०. म्हणजे दीड मूल.

मिसळसम्राट
आमच्या डोंबिवलीच्या वन रूम किचनला हा कायदा लावला असता तर मला आणि धाकट्याला बाहेर काढावं लागलं असतं.

दप्तरवाला
कपबशी, हसण्यावारी नेलंत तरी मुद्दा तिथेच आहे. नवराबायको ज्या केबिनमध्ये झोपतात, तिथे बारावरची मुलगी किंवा चौदावरचा मुलगा झोपता कामा नये, असाही नियम होता. मग मोठी पोरं जायची कुठे? मागे बांधलेल्या जोडबोटीवर (तिला ‘बटी’ म्हणतात), नाहीतर काका-मावशीच्या बोटीवर. तपासनीस येणार असं कळलं की पोरं इकडून तिकडे. म्हणून मूल आईबापाच्या बोटीवर सापडलं नाही तर ‘मेलं असेल’ असं लिहून मोकळे होऊ नका. त्याच धक्क्यावरच्या इतर बोटी बघा.

डोंगरवाट
आम्ही दोन वर्षांपूर्वी ब्रॉन्स्टनहून आठवड्यासाठी अशी बोट भाड्याने घेतली होती. चार कुटुंबातली माणसं, एक प्रेशर कुकर. लांबी सत्तर फूट, रुंदी जेमतेम सात, कारण लॉकच (बोट वरखाली करणारे दारांचे हौद) तेवढे. (मराठीत जलपाश म्हणे. ‘जलपाशात बोट अडकली’ म्हटलं तर बायको मला पाण्यात ढकलेल.) टिलर (सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे. हे डोक्याला कळतं, हाताला तिसऱ्या दिवशी कळतं. तोवर आम्ही दोन पूल, एक विलोचं झाड आणि एक अत्यंत सभ्य म्हातारा यांना धडकलो होतो. लॉकच्या पाण्याच्या झडपा उघडायची किल्ली पहिल्याच दिवशी पाण्यात. वेग ताशी चार मैल, काठावरून कुत्री पुढे जातात.

ब्लिसवर्थच्या बोगद्यात मात्र सगळे गप्प झाले. ३०७६ यार्ड, काळोख, वरून पाणी ठिबकतंय. आत काठची पायवाटच नाही. घोड्याच्या काळात घोडा टेकडीवरून पलीकडे न्यायचा आणि माणसं फळीवर आडवी पडून भिंतीला पाय लावून, पायांनी चालत बोट पुढे ढकलायची. पावणेतीन किलोमीटर! मी पाच मिनिटं करून बघितलं, पलंगावर.

सांबारवडी
तंजावरी मराठी माणसाची हजेरी. आमच्या चेन्नईत बकिंगहॅम कालवा आहे, नव्या पिढीला तो फक्त वासाने माहीत. पण आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी आंध्राकडून सुरूचं सरपण आणि मीठ घेऊन बोटी बेसिन ब्रिजपर्यंत येत. अड्यार आणि कूवम या नद्या जोडणारा तुकडा १८७७-७८ च्या दुष्काळात खणला, मजुरांना पोटाला मिळावं म्हणून, आणि नाव मिळालं गव्हर्नर साहेबाचं. त्या बोटवाल्यांची नोंद कुणी ठेवली असेल तर मला पण सांगा.

शंकासुर
बघा! हे विचारत होतो मी. आपल्या कालव्यांवर का नाही धागा निघत?

खाडीपार
काढा की मग. कुणी अडवलंय?

जुना_खलाशी
अवांतर: तांडेल, सारंग, टिंडल या शब्दांवर मी एकदा सविस्तर लिहीन. टिंडल हा तांडेलचाच साहेबी अवतार. बॉम्बे डॉकमध्ये १९७० च्या सुमारास

(चुकून पोस्ट झालं. पुढे लिहितो.)

संपादक
धागा कालव्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात गेला आहे. बकिंगहॅम कालवा आणि तांडेल यांसाठी वेगळे धागे काढावेत, वाचायला आम्हालाही आवडतील. इथे मूळ प्रश्नावर या.

आजीचा_बटवा
मेघना, कागदांचं दप्तरवाला बघतील. मी सासूबाईंचं सांगते, कारण मी पण अठ्ठ्याहत्तरचीच आहे.

आम्हाला समोर बसवून, फोन पुढे धरून “आठवणी सांगा” म्हटलं की काही आठवत नाही. त्यात त्यांना लाज आहे. ‘बार्जी’ म्हणून शाळेत त्यांच्या आईला कुणी हिणवलं असेल, डोकी तपासली असतील. माझी आई गिरणगावातल्या खोलीबद्दल असंच गप्प राहायची. तू त्यांच्याबरोबर काहीतरी हाताने कर. वाटाणे सोल, पितळ घास. आणि ‘का’ विचारू नकोस, ‘कसं’ विचार. पाणी कसं भरायचात, भाकर कशी ठेवायचात. का विचारलं की माणूस बचावाला येतो.

तो पुदिना आधी दुसरीकडे लाव बरं.

मेघना_नॉर्दम्प्टन
बटवाआजी, तुम्हाला साष्टांग.

शनिवारी पुदिना कुंडीत लावला आणि डबा स्वयंपाकघरात आणला. सासूबाई आधी “कशाला तो गंज घरात” म्हणाल्या. मग पंधरा मिनिटांनी स्वतःच फडकं घेऊन बसल्या. कडी तीन ठिकाणी झाळलेली आहे. त्यांनी अंगठ्याने एक सांधा दाखवला, “हा माझ्या वडिलांनी केला, म्हणून वाकडा.” पाण्याचे असे डबे केबिनच्या छपरावर धुराड्याजवळ ठेवायचे, प्यायचं पाणी त्यातच.

पुढचं त्या डब्याकडे बघत बोलल्या, माझ्याकडे नाही. त्यांच्या आईला कौन्सिलच्या घरातली मोठी खोली सोसली नाही. पलंग ओढून जिन्याखालच्या कोनाड्यात लावला आणि चाळीस वर्षं तिथेच झोपली. भिंत पायाला लागली नाही तर झोप येत नाही, म्हणायची. अंतर विचारलं तर मैलात सांगायची नाही. वॉरिकची बस पकडायची झाली तरी “हॅटनचे एकवीस उतरायचे आहेत”. हॅटनला एकापाठोपाठ एकवीस लॉक आहेत, हे मला नंतर नकाशावर कळलं.

फोटोला भिंग लावलं. ‘रजिस्टर्ड ॲट’ इथपर्यंत स्वच्छ वाचता येतं. पुढे मिशीवाल्याचं कोपर.

डब्यावर किल्ल्याच्या खाली एक पट्टा आहे, त्यावर रंगाच्या थराखाली अक्षरं असावीत असं वाटतं. थोडं खरवडून बघू का?

दप्तरवाला
नको नको नको! हात लावू नका. बोटवाले डबा वरचेवर रंगवून घ्यायचे, खालच्या थरात जुन्या बोटीचं किंवा माणसाचं नाव असू शकतं. अंधार करून बाजूने टॉर्च मारा, ब्रशच्या जाड रेघा उठून दिसतील. आणि मोबाईलने फोटो काढा, एकदम जवळून.

कपबशी
त्या कोपराचा जाहीर निषेध.

खाडीपार
पलंग जिन्याखाली. आमचे पणजोबा शेवटपर्यंत ओटीवर झोपायचे, पावसातही. घरात श्वास कोंडतो म्हणायचे. आज पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला.

जुना_खलाशी
खरं आहे. मला अजून इंजिनाच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. पंखा जुना ठेवलाय मुद्दाम.

शंकासुर
एक शंका, खवचट नाही. तो सुधारक आला, कायदा झाला, मुलांना शाळा मिळाली असेल. मग बोटवाल्यांच्या घरात अजून ही लाज का?

दप्तरवाला
चांगला प्रश्न. शाळा फारशी मिळाली नाही. बोट आज इथे, उद्या तिथे. मूल एका गावच्या शाळेत अर्धा दिवस बसायचं, ते पण मागच्या बाकावर. स्मिथचा हेतू चांगला असेलही. पण त्याने आकडे फुगवले आणि बोटवाले म्हणजे घाणेरडे, दारुडे, अडाणी असं चित्र उभं केलं. ते इतकं चिकटलं की नातवंडंही गप्प बसतात. वास्तविक केबिन म्हणजे दहा फूट बाय सात, त्यात चूल, फळी खाली पाडली की टेबल होणारं कपाट, रात्री उघडायचा आडवा पलंग. तिथे पितळ असं घासायचे की चेहरा दिसावा, भिंतीवर लेसची किनार असलेल्या बशा रिबिनीने टांगलेल्या.

मेघना_नॉर्दम्प्टन
अय्या! त्या बशा सासूबाईंच्या जिन्याच्या भिंतीवर आहेत. मी इतकी वर्षं त्यांना ‘इंग्लिश म्हाताऱ्यांची हौस’ समजत होते.

मेघना_नॉर्दम्प्टन (तीन आठवड्यांनी)
धागा वर काढते आहे. दाखला आला!

जन्मस्थळ: बोटीवर (नाव आहे, पण सासूबाई नको म्हणाल्या म्हणून इथे लिहीत नाही), हॉक्सबरी. बापाचा धंदा बोटमन. खबर देणारी आई, आणि सहीच्या जागी फुली. ती फुली लेकीने मोठी करून बघितली. एक रेघ सरळ, दुसरी शेवटी जरा वळलेली. “पेन घसरलं असेल,” म्हणाली.

मग १९२१. त्या बोटीवर आईबाप सापडले, थोरला मुलगा, एक तान्हं. आमची दोन वर्षांची मुलगी नाहीच. मी अक्षरशः रडकुंडीला आले. मग ‘मेलं असेल असं लिहू नका’ आठवलं आणि त्याच धक्क्यावरच्या बोटी एकेक करून उघडल्या. चौथ्या बोटीवर, मावशीकडे! नात्याच्या रकान्यात ‘भाची’. आता दोन वर्षांच्या मुलीला केबिनचा नियम लागला असेल असं नाही, घरात तान्हं होतं म्हणून मावशीने नेलं असेल. पण बोट मावशीची.

आणि टॉर्चचा प्रयोग जमला. किल्ल्याखाली चार अक्षरं नक्की लागतात, पाचवं अंदाजे. ते तिच्या जन्माच्या बोटीचं नाव नाही. मावशीच्या बोटीचं आहे.

सासूबाईंना दाखवलं. बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसल्या. मग दाखल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे चुकलंय. आई कधी हॉक्सबरी म्हणाली नाही. सटन्स म्हणायची.” आणि डोळे मिटून तिथून ब्रॉन्स्टनपर्यंतचे पूल आणि पब ओळीने म्हणून दाखवले. आपण पाढे म्हणतो तसे. लेकीने लिहून घेतलेत.

दप्तरवाला
दोन्ही बरोबर! हॉक्सबरी जंक्शनलाच बोटवाले सटन स्टॉप म्हणतात. तिथे सटन आडनावाचं लॉककीपरांचं घराणं होतं, त्यावरून. कारकुनाने नकाशावरचं नाव लिहिलं, आई तोंडातलं बोलायची. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

आजीचा_बटवा
पूल आणि पब ओळीने! तो कागद जपून ठेव गं.

कपबशी
मावशीचा विजय असो. कोपराचा निषेध मात्र कायम.

सांबारवडी
वाचनखूण साठवली आहे. बकिंगहॅम कालव्याचा वेगळा धागा काढलाय, शंकासुर यांनी पहिला प्रतिसाद द्यावा.

मेघना_नॉर्दम्प्टन
शाळेचा वृक्ष जमा करून झाला, पण आता मलाच स्वस्थ बसवत नाही. मावशीचा नवरा कोण, ती बोट कंपनीची की स्वतःची? स्वतःची बोट असलेल्यांना ‘नंबर वन’ म्हणत, असं सासूबाई म्हणाल्या, आणि मान जराशी वर करून म्हणाल्या. कॉव्हेंट्रीच्या अभिलेखागारात बोटींच्या नोंदवह्या आहेत का हे बघायला कुणी त्या बाजूला जाणार आहे का? मला सुट्टी थेट इस्टरला.

दप्तरवाला
पुढच्या मंगळवारी बर्मिंगहॅमला पुतणीकडे जातोय, कॉव्हेंट्री पुढे अर्ध्या तासावर. फोन करून विचारतो आधी. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिलींना टोक करून ठेवलंय. दोन्ही बोटींची नावं व्यनि (खाजगी निरोप) करा, आणि मावशीचं स्पेलिंग जितक्या प्रकारे होऊ शकेल तितक्या प्रकारे.